जुन्या वॅगनआरचं ऑइल-फिल्टर घरी बदलायचं सामान : काय घ्या, काय नको

गाडी २०११ ची वॅगनआर, के-सिरीजचं ९९८ सीसी तीन सिलिंडर पेट्रोल इंजिन. तिचं ऑइल आणि फिल्टर मी घरीच बदलतो, आणि त्यासाठी जे जे सामान घेतलं, वापरलं, त्यातलं काय कामाचं निघालं आणि काय नुसतं कपाटात पडलंय ते सगळं इथे लिहितोय. घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच देऊन टाकतो: ऑइल नावाजलेल्या कंपनीचं कुठलंही घ्या, फक्त ग्रेड बरोबर ठेवा, पण फिल्टर, चेंबर नटचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट, जो सोडून जुनं ऑइल काढतात) वायसर म्हणजे वॉशर आणि गाडी खाली टेकवायच्या घोड्या या तीन गोष्टींत एक रुपयासुद्धा वाचवायला जाऊ नका. आणि नुसते पैसे वाचतील म्हणून घरी करणार असाल तर सांगतो, पहिल्या वर्षी काहीच वाचत नाही, उलट सामानात जास्त जातात.

मग करायचं कशाला, तर गाडी जुनी आहे म्हणून. नवीन गाडी वॉरंटीत असते, तिथे सर्व्हिस बुकावर शिक्का हवाच, तिला घरी हात लावू नका. पण दहा-बारा वर्षं झाली की गाडी कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनकडून कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे सरकते, तिथे ड्रममधलं सुटं ऑइल पडतं, फिल्टर "बदलला साहेब" म्हणून सांगतात आणि बोनेट उघडून आपल्याला त्यातलं काही कळत नाही. सगळे गॅरेजवाले असे नसतात, मला स्वतःला फार चांगले मेकॅनिक भेटलेत ज्यांच्याकडून मी हे शिकलो, पण गर्दीच्या दिवशी पोराच्या हातात हवेची गन असते आणि एका तासात चार गाड्या काढायच्या असतात. माझ्या गाडीचा चेंबर नट एका गॅरेजमध्ये असा आवळून ठेवला होता की तो सोडवायला पाइप लावून दोघांना जोर करावा लागला, नटाचे कोपरे गोल झाले होते. तिथून मी ठरवलं की हे काम आपलं आपण.

त्यात आता खाजगी पेट्रोल गाडीच्या आरसीची १५ वर्षं भरत आली की आरटीओत जाऊन पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं, कारसाठी ती फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झाली, वर ग्रीन टॅक्स. म्हणजे गाडी पुढे ठेवायची हे ठरवूनच आपण एवढे पैसे भरतो, मग जी गाडी अजून पाच वर्षं चालवायची आहे तिच्या इंजिनात नक्की काय गेलंय हे आपल्याला माहीत नको का?

आता ऑइल. मॅन्युअलमध्ये या इंजिनाला ५डब्ल्यू-३० ग्रेड (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या घट्टपणाचा, नंतरचा इंजिन गरम असतानाच्या) सांगितलंय आणि मी तेच टाकतो. लोकांचा एक ठाम समज असतो की गाडी जुनी झाली की घट्ट ऑइल टाकायचं, २०डब्ल्यू-५० टाका आवाज कमी होईल, काका लोक तर शपथेवर सांगतात. आवाज थोडा दबतो हे खरंय, पण मागचा आकडा बघा ना, १०० अंशाला ३० नंबरच्या ऑइलचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं माप) असतो आणि ५० नंबरचा १६.३ ते २१.९, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट, आणि हे इंजिन पातळ ऑइल धरून बनवलंय, त्याच्या बेअरिंगमधल्या फटी, ऑइलच्या वाटा सगळ्या तशा आहेत. पुण्यात थंडीत पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो तेव्हा घट्ट ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पोचायला वेळ लावतं, आणि इंजिनाची झीज जास्त होते ती त्याच वेळी, गाडी सुरू होतानाच. इंजिन खरोखर ऑइल खात असेल, म्हणजे दर हजार किलोमीटरला ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर फरक दिसत असेल, तर मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यात बसणारी एक पायरी वरची ग्रेड टाकून बघायला हरकत नाही, पण नुसतं वय झालं म्हणून घट्ट ऑइल, हे मला अजिबात पटत नाही.

ऑइलचा दर्जा सांगणारी, एपीआय या अमेरिकन संस्थेची अक्षरं पण बघा, डब्याच्या मागे असतात. एसएन २०१० मध्ये आलं, एसपी २०२० मध्ये, आणि नवीन अक्षर जुन्या इंजिनाला चालतं, त्यामुळे दुकानात एसपी मिळालं तर डोळे झाकून घ्या. पद्मिनी-अँबॅसिडर जपणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटना (कॅम ज्यांच्यावर घासून व्हॉल्व्ह उघडतो ते भाग) झिंक-फॉस्फरस जास्त लागतं आणि हल्लीच्या पातळ ग्रेडमध्ये ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी कमी केलेलं असतं, त्यांनी माझं ऐकू नका.

ब्रँडवरून भांडणं फार होतात. मी कॅस्ट्रॉल वापरलंय, शेल वापरलंय, इंडियन ऑइलचं सर्वो वापरलंय, वर्षाच्या वर्षाला वेळेवर बदलत असाल तर गाडी चालवताना फरक कळतो असं म्हणणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं, मला तरी कळला नाही. सर्वो किंवा एचपीचं ऑइल पेट्रोल पंपावरून घेतलं तर बनावट डब्याची भीती कमी, हा एक मोठाच फायदा आहे, कारण बनावट ऑइलचा धंदा खरा आहे आणि रिकामे डबे कबाडीकडून कुठे जातात ते सगळ्यांना माहितीये. म्हणूनच मी वापरलेल्या डब्याला भोक पाडून मगच कबाडीला देतो. फुल सिंथेटिक घ्यावं का, तर साडेतीन लिटरच्या डब्यामागे काही शे रुपयांचा फरक पडतो आणि वर्षातून एकदाच घ्यायचं असतं, मी घेतो. सिंथेटिकने जुनी गाडी गळायला लागते असं म्हणतात त्यात एवढंच तथ्य आहे की जिथे सील आधीच गेलेलं असतं आणि साचलेल्या गाळाने ते झाकलेलं असतं तिथे ते उघडं पडतं. सील ऑइलने जात नाही, ते गेलेलंच असतं. आणि ती इंजिन फ्लशची बाटली, जी प्रत्येक दुकानदार काउंटरवरून पुढे सरकवतो, ती जुन्या आणि इतिहास माहीत नसलेल्या इंजिनात टाकू नका. आतला गाळ एकदम सुटला तर तो चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो आणि मग ऑइल ओढायलाच वाट उरत नाही. त्यापेक्षा दोन वेळा जरा लवकर ऑइल बदला, हळूहळू साफ होतं.

फिल्टरवर मात्र मी जास्त लिहिणार आहे कारण सगळा खेळ तिथे आहे. बाहेरून सगळे फिल्टर सारखे, पत्र्याचा डबा, वर रबराची रिंग. मी जुने फिल्टर लोखंडाच्या करवतीने कापून बघतो, हा माझा आवडता भाग आहे, खरंच सांगतो, प्रत्येकाने एकदा कापून बघावा. मारुती जेन्युइन पार्ट्सचा फिल्टर कापला तर आत कागदाच्या घड्या एकसारख्या, दोन्ही टोकांना नीट चिकटवलेल्या, खाली रबराचा एक पडदा आणि टोकाला स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह. तो रबराचा पडदा म्हणजे इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून असतो. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो तो बायपास, म्हणजे कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं तर कागद सोडून ऑइल सरळ इंजिनकडे जातं, कारण घाणेरडं ऑइल चालेल पण कोरडं इंजिन चालत नाही.

आता हेच एका बिननावाच्या, पांढऱ्या खोक्यातल्या स्वस्त फिल्टरमध्ये काय निघालं ते ऐका. तो मी फक्त कापायला म्हणून घेतला होता, गाडीला लावला नाही. घड्या मोजक्या आणि एकमेकींपासून लांब लांब, एका बाजूला कागद चिकटलेलाच नव्हता म्हणजे ऑइल कागदातून न जाता कडेनेच निघून जाणार, आणि रबराचा पडदा इतका कडक की बोटाने दाबला तर वाकायलाच तयार नाही. तो पडदा काम करत नसेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी सेल मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद इंजिन ऑइलची वाट बघत बसतं. के-सिरीजमध्ये क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम यांना जोडायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेनचा ताण ऑइलच्या प्रेशरवर चालणारा टेन्शनर धरून ठेवतो. (आधीच्या १०६१ सीसीवाल्या वॅगनआरला बेल्ट होता, त्यांना हा त्रास नाही, त्यांना वेळेवर बेल्ट बदलायचा त्रास.) सकाळी सेल मारल्यावर खडखड आवाज येऊन लगेच बंद होतो अशी तक्रार जुन्या के-सिरीजवाले करतात ना, त्यांनी चेन किट बदलायचा खर्च करायच्या आधी चांगला फिल्टर आणि बरोबर ग्रेडचं ऑइल टाकून बघा. प्रत्येक वेळी तेवढ्याने जाणार नाही, चेन खरंच ताणलेली असू शकते, पण चेन किटच्या मानाने थोड्या पैशांत एक शक्यता तपासून होते.

फिल्टर मी नाना पेठेतल्या एका स्पेअर्सच्या दुकानातून घेतो. मालक वयस्कर आहेत, गाडीचं मॉडेल सांगितलं की "बीएस-३ का बीएस-४, कुठलं साल" असं विचारूनच खोकं काढतात आणि होलोग्रामचं लेबल आपल्यासमोर दाखवतात. एकदा मी विचारलं, "काका, थोडा स्वस्तातला नाही का?" तर म्हणाले, "आहे की, पण तुम्हाला नाही देणार, तुम्ही परत येता." अशी दुकानं ऑनलाइनपेक्षा मला जास्त भरवशाची वाटतात. बॉश, प्युरोलेटर वगैरे नावाजलेल्या कंपन्यांचे फिल्टरही मिळतात, चालतील, पण मूळ कंपनीचाच एवढ्या किमतीत मिळत असताना मला कारण दिसत नाही. ऑनलाइन घ्यायचाच तर विक्रेता कोण आहे ते बघा, नुसता फोटो बघून घेऊ नका.

फिल्टर काढायला कप पाना घ्या. बाजारात तीन प्रकार मिळतात: चेनचा, पट्ट्याचा आणि कपचा. चेनवाला जागा खूप खातो आणि पत्रा चेपतो, पट्ट्याचा तेलकट फिल्टरवर घसरतो, कप मात्र टोपीसारखा वर बसतो आणि रॅचेटने फिरवता येतो. दोन-तीनशे रुपयांत येतो. माप चुकू नये म्हणून दुकानात नवीन फिल्टर सोबत घेऊन जा आणि बसवूनच बघा, कडा आणि खाचा दोन्ही जुळायला हव्यात. काढायला पाना, पण लावायला फक्त हात, हे लक्षात ठेवा. नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ताजं ऑइल लावायचं, जुनं रबर इंजिनवर चिकटून राहिलं नाही ना ते टॉर्च मारून बघायचं, कारण दोन रबरं एकावर एक बसली तर गाडी सुरू केल्या केल्या सगळं ऑइल रस्त्यावर येतं. मग रबर टेकेपर्यंत फिरवायचं आणि तिथून पुढे पाऊण फेरा. पाऊण फेऱ्यात काय होणार असं वाटतं, पण बास होतं.

चेंबर नट १७ चा. इथे रिंग पाना किंवा सॉकेट वापरा, फिक्स पाना नको, फिक्स पाना दोनच बाजू धरतो आणि कोपरे खातो. माझ्याकडे टपारियाचा रिंग पाना आहे, आपल्या नाशिकचा माल, वर्षानुवर्षं वापरतोय आणि अजून त्याची पकड तशीच आहे, हातातली जी काही अवजारं आहेत त्यात यालाच मी पैकीच्या पैकी मार्क देईन. घट्ट करायला टॉर्क पाना असेल तर ३५ न्यूटन-मीटर. नसेल तर हिशोब असा की पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर, म्हणजे एका हाताने नीट ओढलं की झालं, पाय लावायचा नाही, पाइप लावायचा नाही. जास्त आवळला तर आटे जातात, आणि चेंबरचे आटे गेले की मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं) नाहीतर नवीन चेंबर, हजारोंचं काम. गळती थांबते ती वायसरमुळे, जोरामुळे नाही. वायसर दहा-वीस रुपयांचा असतो, तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो, दर वेळी नवीन टाका. गॅरेजमध्ये हाच वायसर कधी बदलत नाहीत आणि मग गळू नये म्हणून नट आणखी आवळतात, आटे जायचं खरं कारण हे.

आता घोड्या, आणि इथे मी कडक बोलणार आहे. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो. त्याच्यावर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, एका मिनिटासाठी सुद्धा नाही, "फक्त नट ढिला करतो" म्हणून सुद्धा नाही. विटा रचून नाही, सिमेंटचे ब्लॉक तर मुळीच नाही, ते न सांगता एकदम फुटतात. मी दोन टनी ट्रॉली जॅक घेतला आणि त्याबरोबर दाताच्या लोखंडी घोड्यांची जोडी. घोड्या घेताना पायाची रुंदी बघा, वेल्डिंग बघा, दाताचा लॉक हाताने हलवून बघा. माझ्या घोड्या जाड पत्र्याच्या आहेत, थोड्या जड आहेत, उचलून आणताना हात भरून येतो पण खाली झोपल्यावर ते वजनच बरं वाटतं. सपाट जागा, मागच्या चाकांना अडण्या, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, घोडीवर टेकवल्यावर गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन बघायचं, हलली नाही तरच खाली. उतारावर पार्किंग असेल तर हे काम करूच नका. लोखंडी रॅम्पपण मिळतात, गाडी वर चढवली की झालं, ज्यांच्याकडे लांब जागा आहे त्यांना ते जास्त सोपे, माझ्या पार्किंगमध्ये पुढे भिंत आहे म्हणून मला जमत नाहीत.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर, खाली जुनी ताडपत्री आणि त्यावर खोक्याचे पुठ्ठे अंथरा, थेंबही फरशीवर पडता कामा नये. आमच्या सेक्रेटरींनी सुरुवातीला हरकत घेतली होती, काम झाल्यावर जागा बघितली आणि पुढच्या वेळी स्वतःच्या आल्टोचं कधी करशील म्हणून विचारलं.

हाताने हवा मारायचा ऑइल ओढायचा पंप, ज्याचे व्हिडिओ फार फिरतात, पट्टीच्या भोकातून नळी घालायची आणि वरूनच ऑइल ओढून घ्यायचं, खाली शिरायची गरज नाही म्हणतात. घेतला, वापरला. चालतो, इंजिन गरम असेल तर बऱ्यापैकी ओढतो, पण नळी चेंबरच्या तळाला नक्की कुठे टेकलीय ते कळत नाही, त्यामुळे थोडं ऑइल आणि तळाची घाण मागे राहते. आणि वॅगनआरचा फिल्टर खालूनच काढावा लागतो, मग खाली जायचंच असेल तर पंपाचा उपयोग काय? ज्या गाड्यांचा फिल्टर वरून निघतो, उदाहरणार्थ स्विफ्टमधलं ते १.३ लिटरचं डिझेल, त्यांना हा पंप खरंच सोयीचा आहे. माझ्यासारख्या गाडीला पैसे घालवू नका.

बाकी किरकोळ सामान: पसरट टब, तोही ऑइलपेक्षा दुप्पट मापाचा, कारण नट सुटल्यावर पहिली धार सरळ खाली न पडता तिरकी बाहेर येते. लांब नळीचं नरसाळं. नायट्राइलचे हातमोजे, हे आळस न करता घालाच, वापरलेलं ऑइल वारंवार कातडीला लागणं चांगलं नाही, त्यात कॅन्सरला कारण होणारी द्रव्यं असतात. डोक्याला लावायचा टॉर्च. जुने सुती कपडे, टॉवेल नको, धागे सुटतात.

काम करताना इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करायचं, उकळतं नाही. कोमट ऑइल सगळी घाण सोबत घेऊन बाहेर येतं. वरचं ऑइलचं झाकण उघडं ठेवायचं म्हणजे धार नीट पडते. मग थांबायचं, थेंब थेंब होईपर्यंत, इथे गॅरेजपेक्षा घरी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे की आपल्याला घाई नाही, चहा पिऊन या. मी याच वेळात खालचं सगळं बघून घेतो, सीव्ही जॉइंटचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे सांधे) रबर बूट फाटलेत का, सायलेन्सरचा पाइप कुठे गंजलाय का, ब्रेकच्या पाइपवर ओल आहे का, कुठल्या सीलला ओलावा आलाय. गेल्या खेपेला ड्रायव्हर बाजूच्या बुटाला बारीक चीर दिसली, ग्रीस बाहेर यायला नुकतीच सुरुवात झाली होती, बूट बदलून भागलं, नाहीतर आत माती जाऊन अख्खा जॉइंट गेला असता. हे कुठल्याही बिलात येत नाही, पण जुन्या गाडीला घरच्या ऑइल चेंजची खरी कमाई मला हीच वाटते.

निघालेलं ऑइल पण बघा. काळं आहे म्हणून घाबरू नका, काळं होणं हे त्याचं कामच आहे, डिझेलमध्ये तर ते काही दिवसांतच काळं होतं, आणि उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ते बरेच दिवस सोनेरी दिसतं म्हणून ताजं आहे असं समजू नका, काजळी कमी असते एवढंच. बघायचं ते हे: दुधाळ आहे का, म्हणजे कूलंट शिरलं. पेट्रोलचा वास येतो का. टबात उन्हात धरल्यावर चकाकणारे कण दिसतात का. झाकणाच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात पांढरट लोण्यासारखं साचतं, ते बहुतेक वेळा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमुळे, इंजिन पूर्ण तापतच नाही आणि आतली वाफ तिथे जमते, एकदा लोणावळ्यापर्यंत जाऊन आलात की जातं. नाही गेलं आणि कूलंटची पातळी पण उतरत असेल तर मेकॅनिक गाठा.

नवीन ऑइल भरताना डबा पूर्ण ओतू नका. फिल्टरसकट साधारण तीन लिटरच्या आसपास लागतं, मी त्याहून थोडं कमी ओततो, इंजिन सुरू करतो, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, खाली नट आणि फिल्टरपाशी टॉर्च मारतो, बंद करतो, पाच-दहा मिनिटं थांबतो, गाडी सपाट जमिनीवर उतरवून मगच पट्टी बघतो आणि वरच्या खुणेपर्यंत थोडं थोडं करत आणतो. जास्त भरलं तर क्रँक त्यात बुडून फेस करतो, फेस झालेलं ऑइल प्रेशर धरत नाही, सीलवर ताण येतो, म्हणजे कमी जितकं वाईट तितकंच जास्त. कंपनी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते, पण पुण्याच्या सिग्नलवर उभं राहून इंजिन चालतं ते मीटरवर कुठे येतं, म्हणून मी किलोमीटर पूर्ण झाले नाहीत तरी वर्षाला बदलतोच, दर पावसाळ्यानंतर.

आणि जुनं ऑइल. गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही, मोकळ्या प्लॉटवर तर नाहीच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, आणि एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करायची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे, म्हणजे या काळ्या ऑइलपासून परत चांगलं ऑइल बनतं, ती फेकायची वस्तू नाही. मी रिकाम्या डब्यात भरून ओळखीच्या मोठ्या गॅरेजला देतो, त्यांच्याकडे ड्रम असतो आणि अधिकृत गोळा करणारा येऊन नेतो, आधी विचारून घ्या की ते नक्की कुठे जातं. बांधकामावरचे सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला काळं ऑइल मागायला येतात, त्यांना देऊ नका, ते शेवटी पावसाने मातीतच उतरतं. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळला की मग भंगारात.

कोणी करू नये तेही सांगतो: ज्यांच्याकडे सपाट जागा नाही, पाठीचं दुखणं आहे, किंवा घरी दुसरं कोणी हजर नसताना एकटं खाली जावं लागेल, त्यांनी चांगलं गॅरेज बघून ऑइल-फिल्टर-वायसर स्वतः विकत घेऊन जावं आणि समोर उभं राहून करून घ्यावं, मेकॅनिक मजुरी घेईल, घेऊ दे. आणि ज्यांना सुरुवात करायचीय पण सगळं सामान एकदम घ्यायचं नाही त्यांनी आधी घोड्या आणि ट्रॉली जॅक घ्या, दोन्ही मिळून पाच-सहा हजारांच्या आत बसतं, पुढे टायर फिरवायला, ब्रेक पॅड बघायला पण लागतातच. कप पाना, टब, नरसाळं पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालतंय.